पोट साफ केलेला मासा

चिलापीचं आतडं ट्रेमध्ये उलगडायला घेतलं की लवकर संपत नाही. मासा वीतभर आणि आतडं पाच-सहा वीत. शेवाळाच्या दिवसांत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च हिरवं असतं. त्यातला लगदा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर ओळखीचाच निघतो: चिकट आवरणात एकत्र धरलेले मायक्रोसिस्टिसच्या गोल पेशींचे पुंजके. सकाळी काठावर तरंगत होते तेच. माशाने ते गिळले, काही पचवले, काही तसेच पुढे ढकलले. आमचं काम इथून सुरू होतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. शेवाळाचं विष गोड्या पाण्यातल्या माशात कुठे साठतं, किती साठतं आणि किती दिवस टिकतं, हा गेली बरीच वर्षं माझ्या कामाचा विषय आहे. आम्ही नमुने घेतो त्या तलावाचं नाव इथे लिहीत नाही. तो एका मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहे आणि त्यावर बरीच घरं चालतात. मी नाव छापलं तर आठवडी बाजारात त्यांच्या चिलापीचा भाव पडेल, आणि त्याबद्दल मला कोणीही माफ करू नये. शिवाय जे सांगायचंय ते एका तलावापुरतं नाही. उजनीचं पाणी हिरवं पडल्याच्या, रंकाळ्यावर हिरवा थर आल्याच्या बातम्या मराठी वाचकाला नवीन नाहीत.

पाणी हिरवं झालं की मच्छीमार घाबरतो, असं शहरातल्या माणसाला वाटतं. उलट आहे. मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणात आम्हीच शिकवत आलो की तळ्यात शेणखत टाका, सुपर फॉस्फेट टाका, पाणी हिरवं होऊ द्या. हिरवं पाणी म्हणजे माशाचं खाद्य. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि तळवा दिसतो का पाहायचं, ही त्याची साधी परीक्षा. कोपराशी तळवा दिसेनासा झाला तर पाणी तयार. त्याच्या फार आधीच दिसेनासा झाला तर खत थांबवा. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते अजूनही पाणी असंच बघतात. फेब्रुवारीत पहिल्यांदा पाण्यावर हिरवी झाक आली की त्यांचा चेहरा खुलतो आणि माझा पडतो.

कारण हिरवं सगळं सारखं नसतं. पाण्यात सगळीकडे सारखी मिसळलेली हिरवी झाक वेगळी आणि काठाला साचलेला थर वेगळा. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा नील-हरित शेवाळ असतं. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण तो मुळात प्रकाशावर अन्न तयार करणारा जीवाणू. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर वारा पडलेल्या रात्री सगळे पुंजके वर येतात आणि पहाटे वाऱ्याची झुळूक सुटली की वाऱ्याच्या दिशेच्या काठाला जाऊन लागतात. त्या काठावर पोपटी डिस्टेंपरचा डबा लवंडावा तसं दिसतं आणि समोरच्या काठावर पाणी जवळजवळ स्वच्छ. मग नमुना कुठला घ्यायचा? ज्या काठावर गाडी जाते तिथला घेतला, असं अनेक अहवालांत झालेलं असतं. तो आकडा फारसा कामाचा नाही. माशाला काठ नसतो. तो दिवसभरात दोन्हीकडे चरून येतो. म्हणून पाण्यापेक्षा मासा जास्त खरं सांगतो, असं माझं मत झालंय.

उन्हाळ्यात तलाव खाली जातो, पाणी तापतं, हलत नाही. गाळात वर्षानुवर्षं बसलेलं फॉस्फरस वर यायला लागतं. वरून सांडपाणी, म्हशी, धुणं आणि शेतातून पावसाळ्यात वाहून आलेलं खत हे आहेच. मार्च ते मे हा आमचा हंगाम. एखाद्या पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेताना दिसतात आणि सूर्य वर येईपर्यंत काही पांढरं पोट वर करून तरंगायला लागतात. त्या दिवशी गावात एकच बोललं जातं, "पाण्यात विष झालंय." विष असतंही, पण ते मासे त्याने मेलेले नसतात. रात्रभर तेवढं शेवाळ श्वास घेत राहतं, प्राणवायू संपवतं आणि पहाटे मासे गुदमरतात. विषाचा मासा बहुधा असा दिसतच नाही. तो ठणठणीत असतो, जाळ्यात चपळाईने उसळतो, डोळे लख्ख, कल्ले लाल. बाजारात ताजा मासा ओळखायच्या जितक्या खुणा आजी शिकवते त्या सगळ्या त्याच्यात असतात.

वासाचंही तेच. उन्हाळ्यात तलावाच्या माशाला मातकट वास येतो आणि गिऱ्हाईक तो नाक मुरडून परत देतं. हा वास जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. काही जातींची नील-हरित शेवाळं आणि मातीतले काही जीवाणू ते तयार करतात. ते निरुपद्रवी आहे. म्हणजे ज्या वासामुळे मासा टाकून दिला जातो त्यात विष नाही आणि ज्यात विष आहे त्याला वास नाही. नाकावर विसंबणाऱ्या सगळ्या पिढ्यांपुढे ही अडचण आहे.

त्या विषाचं नाव मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांची ती एक बंद कडी आहे आणि कडी बंद असल्यामुळेच ती चिवट आहे. जठरातलं आम्ल तिला सहज तोडत नाही, उकळीही तोडत नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातलं हे विष नळाच्या पाण्यापर्यंत पोचलं, तेव्हा नागरिकांना पाणी पिऊ नका याबरोबरच पाणी उकळू नका असंही सांगावं लागलं. पाणी आटलं की विष तेवढंच राहतं आणि प्रमाण वाढतं. आमच्या तलावाकाठी "चांगलं उकळा, सगळं मरतं" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. जंतू मरतात. हे मरायला जिवंत नाही.

ते शरीरात शिरतं कसं, यातच सगळी मेख आहे. मायक्रोसिस्टिन पाण्यात विरघळतं, चरबीत नाही, त्यामुळे पेशीच्या पटलातून ते आपोआप पाझरत नाही. त्याला दार लागतं. यकृताच्या पेशींवर पित्ताची आम्लं आत घ्यायची दारं असतात, त्याच दारांनी हे आत जातं. आत गेलं की फॉस्फटेज नावाच्या विकरांना जाऊन घट्ट चिकटतं आणि पेशीचा सांगाडा ढासळायला लागतो. हे माणसात काय करतं ते जगाने १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात पाहिलं. तिथल्या डायलिसिस केंद्रात शेवाळाने भरलेल्या जलाशयाचं पाणी नीट शुद्ध न होता वापरलं गेलं. विष थेट रक्तात गेलं आणि ५२ रुग्णांचा मृत्यू त्याने झाला असं तपासात ठरलं. माशातून मिळणारी मात्रा त्याच्या जवळपासही नसते, हे इथेच सांगून टाकते. पण यकृत हेच त्याचं घर, एवढं त्यातून कळतं.

माशातही तेच. स्नायूच्या पेशींना ती दारं नाहीत. म्हणून सर्वांत जास्त आतड्यात (तिथे तर ते शेवाळासकटच असतं), मग यकृतात, मग मूत्रपिंडात आणि सर्वांत कमी मांसात. पारा माशात वेगळ्या रीतीने चालतो. छोट्या माशाला मोठा खातो, त्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येक पायरीवर पारा वाढत जातो. लोकांनी ही गोष्ट ऐकलेली असते, म्हणून मला नेहमी विचारतात, "मग मरळ सगळ्यांत वाईट का?" मायक्रोसिस्टिनच्या बाबतीत बहुधा उलट. पायरीगणिक ते विरत जातं. शेवाळ खाणारी चिलापी आणि पाणी गाळून खाणारा सिल्व्हर कार्प यांच्यात जास्त, शिकारी मरळीत कमी. चिलापीच्या जठरातलं आम्ल भलतंच तीव्र असतं, त्यामुळे इतर माशांना न पचणाऱ्या या पेशी ती फोडू शकते. पेशी फुटल्या की आतलं विष मोकळं होतं. जो गुण तिला उन्हाळ्यातही गुबगुबीत ठेवतो तोच तिच्या यकृतावर भार टाकतो.

रिओ दि जानेरोतल्या जाकारेपागुआ खाजणात १९९६ ते १९९९ या काळात चिलापीचा असाच अभ्यास झाला. यकृत, आतडी आणि मांस वेगवेगळं तपासलं. मांसातलं प्रमाणही रोजच्या सुरक्षित मर्यादेच्या आसपास किंवा वर जाऊ शकतं, असं निघालं. ते वाचल्यावर मी चिलापीकडे वळले.

प्रयोगशाळेतलं काम दिसायला कंटाळवाणं आहे. ऊतकाचा तुकडा तोलायचा, मिथेनॉलमध्ये बारीक करायचा, गाळायचा, आणि ९६ घरांच्या प्लेटमध्ये थेंबाथेंबाने भरायचा. शेवटी आम्ल घातलं की घरं पिवळी होतात. नव्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, की या चाचणीत रंग जितका गडद तितकं विष कमी. फिकं घर म्हणजे भरलेला नमुना. आमच्या प्लेटवर आतडी आणि यकृताच्या रांगा फिक्या, मांसाच्या रांगा गडद. आकडे इथे देत नाही. यकृतातले इतर पदार्थ या चाचणीला फसवतात आणि आकडा फुगवून दाखवतात. त्याची वेगळ्या यंत्रावर खातरजमा झाल्याशिवाय तो छापणं बरं नाही. दुसऱ्या बाजूने, जे विष विकराला कायमचं चिकटून बसलंय ते मिथेनॉलने सुटतच नाही, म्हणून ते मोजलंच जात नाही. एकच आकडा एकीकडून जास्त आणि दुसरीकडून कमी. बाहेरून अहवाल वाचणाऱ्याला दशांश चिन्हानंतरचे आकडे दिसतात आणि भरवसा वाटतो.

मर्यादा कुठून आली तेही पाहावं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन-एलआर ही मर्यादा सुचवली. त्यामागे रोज शरीराच्या किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅम चालेल, असा हिशेब आहे. उंदरांना रोज किलोमागे ४० मायक्रोग्रॅम दिल्यावर १३ आठवड्यांत त्रास दिसला नाही. त्या आकड्याला खबरदारी म्हणून १,००० ने भागलं. म्हणजे एके दिवशी मर्यादा ओलांडली म्हणून कोणी आजारी पडत नाही. ती आयुष्यभर रोज खाण्याची मर्यादा आहे. ६० किलोच्या माणसाला ती दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम पडते. त्याने २०० ग्रॅम मासा खाल्ला तर किलोमागे १२ मायक्रोग्रॅमपर्यंतचा मासा चालतो. हिशेब सोपा आहे, वर्गात फळ्यावर पाच मिनिटांत होतो.

तो हिशेब तलावाकाठच्या मावशींनी माझ्यासाठी अवघड केला.

मावशी बांधावर विळी घेऊन बसतात. राख लावून मरळ धरायची, खवले उडवायचे, पोटाला एक चीर देऊन दोन बोटांत सगळं एकदम बाहेर काढायचं, पित्ताची पिशवी न फुटता. मी कॉलेजात चिमटे-कात्री घेऊन जे अर्ध्या तासात करते ते त्या बोलता बोलता करतात. आतडी मी डब्यात भरून नेते म्हणून सुरुवातीला त्यांना मौज वाटायची. "मॅडम, चांगला भाग आमी ईकतो आन घान तुमी नेता," असं म्हणून हसायच्या. एकदा मी विचारलं, मी नाही आले त्या दिवशी याचं काय करता? तर म्हणाल्या, आतडी कोंबड्यांना. कटल्याच्या पोटातली चरबी मात्र टाकत नाहीत, तव्यावर परततात, पोरांना आवडते. गाबोळीही घरी. मुंडकी घरी. आणि बोटाएवढी बारकी मासळी, जिला बाजारात भाव नाही, ती सगळी घरी. तिचं पोट कोण साफ करत बसणार? मीठ चोळून तळायची, उरली तर छपरावर वाळवायची.

मी गप्प झाले. कटल्यासारख्या कार्प जातीच्या माशांचं यकृत एका जागी नसतं, ते आतड्यांच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं. पोटातली चरबी ओढून काढली की त्याबरोबर ते थोडंफार येतंच. अंडाशयातही हे विष आढळल्याच्या नोंदी आहेत. आणि बारकी मासळी तर आतड्यासकट, यकृतासकट, पोटातल्या शेवाळासकट. फळ्यावरच्या माझ्या हिशेबातला माणूस ६० किलोचा होता आणि स्वच्छ मांस खात होता. तो माणूस बाजारातला गिऱ्हाईक होता. मावशींचा नातू १५ किलोचा असेल. त्याची दिवसाची मर्यादा ०.६ मायक्रोग्रॅम. त्याने १०० ग्रॅम बारकी मासळी खाल्ली तर किलोमागे ६ मायक्रोग्रॅमच्या वर ती जाता कामा नये, आणि ती पोटासकट आहे.

पोषणाचे जाणकार बारकी मासळी अख्खी खा म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. कॅल्शियम, लोह, अ जीवनसत्त्व हे सगळं काट्यात, डोक्यात, यकृतात असतं. गरीब घराला इतकं स्वस्त दुसरं काही नाही. एरवी मी त्याच बाजूने बोलेन. पण काठाला थर आलेला असताना तोच सल्ला त्याच घरात उलटतो. आजवर मासे तपासण्याच्या पद्धतीच अशा ठरल्या की मांसाचा तुकडा घ्यायचा, कारण विकलं जातं ते मांस. विष कमी असलेला भाग विकला जातो आणि जास्त असलेला भाग पकडणाऱ्याच्या घरी जातो. ज्याची तपासणी होते तो मासा एकाचा आणि खाल्ला जातो तो दुसऱ्याचा. तेव्हापासून आम्ही बारकी मासळी अख्खी वाटून वेगळी तपासतो. तिची घरं प्लेटवर मांसापेक्षा फिकी आणि यकृतापेक्षा गडद येतात. अपेक्षित होतं, तरी पाहिल्यावर वेगळं वाटलं.

पित्ताबद्दल एक जाता जाता. काही ठिकाणी कार्पचं कच्चं पित्त औषध म्हणून गिळतात. शेवाळ असो नसो, ते करू नये. त्यातल्या मूळच्याच द्रव्याने मूत्रपिंडं बंद पडल्याच्या घटना भारतात वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

थर दिसला की आण्णांच्या डोक्यात पहिला उपाय येतो तो मोरचुदाचा. द्राक्षाच्या पट्ट्यातला माणूस आहे, बोर्डो मिश्रण त्याच्या हाताखालचं. मोरचूद टाकलं की दोन दिवसांत थर जातो, हे खरं. पण निरोगी पेशींत विष आत कोंडलेलं असतं. पेशी एकदम मारल्या की ते सगळं एकाच वेळी पाण्यात येतं. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर १९७९ साली असंच झालं. पाण्याला चव-वास आला म्हणून धरणात मोरचूद टाकलं आणि काही दिवसांत १४८ जण, बहुतेक मुलं, यकृताच्या आजाराने रुग्णालयात गेले. तिथलं शेवाळ वेगळ्या जातीचं आणि विषही वेगळं होतं, पण रीत तीच. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बघत बसायचं का?" प्रश्न रास्त आहे. एका उन्हाळ्यात करता येण्यासारखं फारसं काही नसतं. गावचं सांडपाणी तलावात येणं थांबवायला पाच-दहा वर्षं लागतील आणि तरीही गाळातलं फॉस्फरस काही वर्षं शेवाळ पोसत राहील.

मासा मात्र स्वतःला धुऊन काढतो. स्वच्छ पाण्यात गेला की मांसातलं विष काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरतं, यकृतातलं जरा सावकाश. म्हणजे पाणी निवळलं त्याच दिवशी मासा निवळला असं होत नाही, पण कायमचा बाधितही राहत नाही. यावरच आम्ही संस्थेशी बोलणी केली. तलाव बंद करा असं सांगण्यात अर्थ नव्हता. ठेक्याचे पैसे कोणी परत देणार नव्हतं आणि एप्रिल-मे हाच त्यांचा मुख्य मोसम.

शेवटी वजनकाट्याच्या शेडमध्ये एक फलक लागला. मजकुरावर दोन बैठका गेल्या. "विष" हा शब्द आण्णांना नको होता, तो मी सोडला. "पोट साफ केल्याशिवाय खाऊ नका" हे वाक्य त्यांना चाललं, मावशींना नाही. त्या म्हणाल्या, बारकी मासळी सोडून सगळे पोट साफ करतातच, मग हे कुणाला सांगताय? म्हणून वाक्य सरळ लिहिलं: काठाला हिरवा थर असेपर्यंत आणि तो गेल्यावर महिनाभर बारकी मासळी, गाबोळी आणि पोटातली चरबी घरात खाऊ नये, लहान मुलांना तर नाहीच, मोठा मासा पोट काढून, दोन पाण्यांनी धुऊन, मग कापावा. आतडी फुटली तर विळी आणि पाट धुवावा. विक्रीला अडचण येईल असं त्यात काही नव्हतं, त्यामुळे ते मान्य झालं. बारकी मासळी त्या दिवसांत जाळ्यातून परत पाण्यात सोडायची असंही ठरलं. प्रत्यक्षात थोडी सुटते, थोडी घरी जाते. त्या बदल्यात त्या घरात काय शिजणार, याचं उत्तर फलकावर नाही.

कोंबड्यांचं तेवढं राहिलंय. आतडी खड्ड्यात पुरा असं मी म्हणते. मावशींचं म्हणणं, फुकटचं खाद्य मातीत घालायचं तर कोंबड्यांच्या दाण्याचे पैसे कॉलेजने द्यावेत.